हिरॉईन नसतानाचा क्लोजअप

आबा फळबाजारात माथाडी होते, त्यामुळे आमच्या घरात महिन्यांची नावं फारशी कुणी घेत नसे. संत्री संपत आली की माझी परीक्षा जवळ आली, कलिंगडाच्या गाड्या लागल्या की परीक्षा सुरू झाली, आणि आबा दारात दिसायच्या आधी हापूसचा वास आत शिरला की सुट्टी लागली, असं आमचं चालायचं. सानपाड्यात तळमजल्यावर एक खोली आणि एक स्वयंपाकघर, एवढं आमचं घर. आबा पहाटेच निघायचे आणि दुपारी परत आले की सगळ्या बिल्डिंगला कळायचं. बाजारात ट्रकच्या भोंग्यावर आवाज चढवून बोलायची सवय, ती घरी आल्यावरही उतरायची नाही. ते 'मीठ दे' म्हणाले की शेजारच्या काकू मीठ घेऊन येतील असं वाटायचं. आई त्यांच्या उलट. साताऱ्याकडच्या गावातून लग्न होऊन आलेली, बोलणं मोजकं, पण स्वयंपाक करताना सारखी गुणगुणणारी. उन्हाळ्यात ती डागी आंब्यांची पाटी पुढ्यात घेऊन बसायची. डाग तेवढा कापून टाकायचा, उरलेल्याचा रस. महिनाभर दोन्ही वेळा रस-पोळी. आमच्या अंगाला, अंथरुणाला, माझ्या वह्यांनासुद्धा आंब्याचा वास यायचा. आजही मी एखाद्या मॉलमध्ये काचेआड मांडलेला हापूस बघतो, तेव्हा तो मला फार स्वच्छ वाटतो. डाग नसलेल्या आंब्याची चव मला अजून खरी वाटत नाही.

अशाच एका आंब्याच्या सुट्टीत ओंकारने माझ्या आयुष्यात फिल्म आणली. आम्ही वाशीच्या कॉलेजात एका वर्गात होतो, पण तोवर बोलणं असं नव्हतं. तो वाशीतल्या फ्लॅटमधला, वडील बँकेत, आई मालवणची. मी मागच्या बाकावरचा. फक्त कॉलेजच्या भिंतीवरच्या अंकात माझं काहीबाही लावलेलं असायचं, ते त्याने वाचलं होतं. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, पोरं गेटवर आरडाओरडा करत होती, आणि हा गर्दीतून तिरका तिरका वाट काढत थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"दत्ता ना तू? लिहितोस ना?"

"कधीकधी."

"मी फिल्म करतोय. लव्हस्टोरी. माझा मामा लग्नाचं शूटिंग करतो, त्याचा कॅमेरा आहे. तू डायलॉग लिहायचे. टेन्शन नको घेऊ, हिरो मीच आहे."

'टेन्शन नको घेऊ, हिरो मीच आहे' या वाक्यावर मी इतका हसलो की तोही हसला. नकार द्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी मनात अर्धी फिल्म लिहून काढली होती. चालताना हात हलवत होतो, तोंडाने बडबडत होतो. एक म्हातारा थांबून माझ्याकडे बघत राहिला, तर मी त्यालाच हात केला.

फिल्मचं नाव ठेवलं 'तुझ्या गॅलरीखाली'. वाशीतला एक मुलगा, त्याच्या समोरच्या गॅलरीतली मुलगी. तो रोज खालून जातो, ती रोज वरून बघते. शेवटी त्याला नोकरीसाठी दूर जायचं असतं आणि जाताना तो तिला एकच गोष्ट सांगतो. त्या वेळी वाशीत जो तो आपली गॅलरी लोखंडी जाळ्या आणि सरकत्या काचा लावून बंद करत होता, तेवढीच एक खोली वाढायची. ओंकारच्या घरीही गॅलरीची अभ्यासाची खोली झाली होती आणि आम्ही तिथेच बसून लिहायचो. म्हणून मी हिरोला शेवटचं वाक्य दिलं: "मी गेल्यावर ही गॅलरी बंद करून घेऊ नकोस. मी खाली नसलो तरी तुझी उभं राहायची जागा राहू दे." ओंकारने ते वाचलं आणि कागद खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "दत्त्या, हे तुला सुचतं कसं रे?" तेव्हापासून मी दत्त्या झालो. घरी मी दत्तू होतो, कॉलेजात दत्ता, आणि दत्त्या फक्त त्याच्यापुरता.

कॅमेऱ्यामागे बंडूमामा. ओंकारचा सख्खा मामा, पोट सुटलेला, गळ्यात सोन्याची चेन, आणि आयुष्यभर लग्नं शूट केल्यामुळे सगळ्या जगाकडे वऱ्हाड म्हणून बघणारा. तो हिरोला 'नवरदेव' म्हणायचा आणि हिरॉईनला 'नवरी'. "नवरदेव, इकडे बघा! हसा! आता नवरीकडे बघा! हसा!" ही गंभीर फिल्म आहे असं आम्ही त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "गंभीर असू दे, पण हसायला काय होतं?" मुहूर्त नसेल त्या दिवशीच कॅमेरा मिळायचा. त्यामुळे आम्ही कॅलेंडर घेऊन, आज कुणाचं लग्न नाही म्हणून आनंद करत बसायचो. आई म्हणाली, "आरं, लोकांची लग्नं न्हाईत म्हणून नाचताय व्हय?"

हिरॉईन मिळवली ओंकारनेच. तृप्ती शिरवण्याची, तिथल्या जुन्या आगरी घरातली. कॉलेजच्या गॅदरिंगला ती नाचली की मुलं खुर्च्यांवर उभी राहायची. तिला लाज नावाची गोष्ट माहीत नव्हती आणि खोटं तर मुळीच बोलता यायचं नाही. मी लिहिलेले कागद तिने ओंकारच्या घरी बसून वाचले, पाय हलवत, शेंगदाणे खात. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं.

"सगला हिरोचंच कवतिक हाय यात."

"म्हणजे?"

"म्हंजे बघ ना. मी बोलतंय, 'तो चालताना एक खांदा जरा वर ठेवतो, जसं काय कानाशी कोन बोलतंय.' मी बोलतंय, 'त्याच्या शर्टाची एक बाही कायम दुमडलेली असते.' आनि हिरो माझेविषयी काय बोलतो? 'ती सुंदर आहे.' बस? कशी सुंदर, कुठं सुंदर, काय नाय?"

ओंकार हसून लोळला. मीही हसलो. म्हणालो, "पुढच्या ड्राफ्टमध्ये टाकतो." टाकायला बसलो तर दोन दुपारी गेल्या आणि तृप्तीबद्दल 'तिचे केस लांब आहेत' याच्यापुढे एक ओळ सरकली नाही. पण याचा अर्थ मी काय लावला असेल? मी ठरवलं की आपलं तृप्तीवर प्रेम आहे, आणि खरं प्रेम असलं की शब्द सुचत नाहीत. हे मी अगदी मनापासून ठरवलं. वीस वर्षांचा मुलगा स्वतःला काय काय पटवून देऊ शकतो याचं मला आता कौतुक वाटतं. वकील व्हायला हवं होतं मी.

त्यात भर म्हणजे ओंकारचंही तृप्तीवर प्रेम बसलं, असं त्याने जाहीर केलं. आता दोन मित्र आणि एक मुलगी म्हटल्यावर आमच्यात भांडण व्हायला हवं होतं. झालं उलटंच. आम्हाला बोलायला एक विषय मिळाला. रोज संध्याकाळी आम्ही वाशीच्या खाडीच्या कडेने फेऱ्या मारत तृप्तीबद्दल बोलायचो. ती काय म्हणाली, ती का हसली, आज तिने निळा ड्रेस का घातला. बोलता बोलता तृप्ती कुठेतरी मागे राहायची आणि आम्ही आमच्याबद्दल बोलत असायचो. लहानपणी तो कशाला घाबरायचा. मला गावाकडे गेल्यावर झोप का येत नाही. त्याला त्याच्या वडिलांसारखं बँकेत जायचं नव्हतं आणि हे त्याने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. एकदा खरीखुरी तृप्ती समोरून येताना दिसली, तर आम्ही दोघंही चक्क बाजूच्या गल्लीत वळलो. ओंकार म्हणाला, "आत्ता नको यार, आत्ता आपण बोलतोय." मला ते पूर्ण पटलं. त्यात काही विचित्र आहे हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

तो आमच्या घरीही यायला लागला. आमच्या घरात यायला त्याला वाकावं लागायचं, इतका तो उंच होता. आई त्याला 'ओंकारा' म्हणायची आणि रसाची वाटी रिकामी व्हायच्या आत भरायची. "काकू, बास," म्हणत तो सहाव्या वाटीला हात पुढे करायचा. आबांना तो फार आवडला, कारण तो त्यांच्याइतक्याच मोठ्याने बोलायचा. दोघं समोरासमोर बसून राजकारणावर ओरडायचे आणि मी मध्ये बसून, कधी याच्याकडे कधी त्यांच्याकडे बघत, इतका आनंदात असायचो की पोळी हातातच राहायची. आई म्हणायची, "दत्तू, जेव की. त्याला काय बघतोस, तो काय पळून चाललाय?"

शूटिंग सुरू झालं आणि घोळ झाला. ओंकारला तृप्तीसमोर बोलताच येईना. एकटा असला की ढीगभर बडबड करणारा हा मुलगा, ती समोर आली की पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवल्यासारखा बोलायचा. "तुझ्या. गॅलरीखाली. उभा राहिलो. की मला." मामा कॅमेऱ्यामागून म्हणायचा, "नवरदेव, तिला तिकीट विचारताय का?" तृप्ती मात्र झकास. तिने माझ्या ओळी तिच्या पद्धतीने वळवून घेतल्या आणि त्या बोलताना तिला ऐकून मला वाटायचं, अरे, हे मी लिहिलंय? तिने एकदा दोन शॉटच्या मध्ये ओंकारला सरळ विचारलं, "मी चावतंय का र तुला?" तो म्हणाला, "तसं नाही, मी तुझ्यावर प्रेम करतो ना, म्हणून नर्व्हस होतो." ती म्हणाली, "असा?" आणि केस बांधायला लागली. तिच्या त्या 'असा'मध्ये काय होतं हे कळायला आम्हाला दिवाळी उजाडावी लागली.

शेवटचा शॉट राहिला होता. हिरोचा क्लोजअप, त्यात ते गॅलरीचं वाक्य. मामाला एकच दिवस मोकळा होता, त्यानंतर लग्नांची रांग. आणि नेमकी त्याच दिवशी तृप्तीच्या चुलत बहिणीची हळद. तिने दुपारी ओंकारच्या घरी फोन करून सांगितलं की ती येणार नाही, हळदीला नाचायचं सोडून ती कुठेही जात नसते. ओंकारने डोकं धरलं. आम्ही तिघं त्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर होतो. ऊन उतरत आलं होतं, पाण्याच्या टाक्यांच्या सावल्या लांब झाल्या होत्या, एका बाजूला कुणाच्या तरी कुरडया प्लास्टिकवर वाळत घातलेल्या. मामा म्हणाला, "त्यात काय एवढं? क्लोजअपमध्ये नवरीचा खांदासुद्धा दिसत नाही. कुणीतरी कॅमेऱ्याशेजारी उभं राहा, नजर ठरली पाहिजे. दत्ता, तू राहा. तिचं वाक्य तूच बोल."

मी उभा राहिलो. कॅमेऱ्याला माझा खांदा लागत होता, इतका जवळ. ओंकार समोर, दोन पावलांवर. मामाने बोटाने खूण केली. मी तृप्तीचं वाक्य म्हटलं, हळू आवाजात, कसंतरीच: "जाणारेस?"

"हो," तो म्हणाला, आणि थांबला. मी लिहिलं त्यात थांबायचं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. आधी त्याच्या डोळ्यांत थोडं हसू होतं, दत्त्याला हिरॉईन केलंय याचं. मग ते हसू गेलं आणि त्याच्या मागे जे होतं ते तसंच उघडं राहिलं. इतकी उन्हं तोंडावर असून त्याने डोळे बारीक केले नाहीत. मग तो बोलला. "मी गेल्यावर ही गॅलरी बंद करून घेऊ नकोस." एकही शब्द तुटला नाही. ते वाक्य मी लिहिलं होतं, मला पाठ होतं, तरी ते मला कुणीतरी पहिल्यांदा सांगितल्यासारखं मी ऐकलं. वाक्य संपलं. मामाने 'कट' म्हटलं नाही. आम्ही तिघंही तसेच उभे. खालून कुठलातरी भाजीवाला ओरडत गेला.

"झालं का?" ओंकारने विचारलं.

"झालं," मामा म्हणाला.

"परत घेऊ या का?"

"नको. असं परत होत नसतं." मामा रुमालाने लेन्स पुसत बसला. लेन्स स्वच्छ होती.

वारा सुटला होता. ओंकार एकदम पळत गेला आणि कुणाच्या कोण जाणे, त्या कुरडया गोळा करायला लागला. मीही पळालो. आम्ही घाईघाईने निम्म्या मोडल्या. मग बसून हसत सुटलो, पोट दुखेपर्यंत, हातात कुरडयांचा चुरा घेऊन. जिना उतरताना माझ्या छातीत एवढं धडधडत होतं की मी कठडा धरला. आणि स्वतःला काय सांगितलं? की डायलॉग चांगला झाला, म्हणून हे होतंय. हे लेखकाचं समाधान आहे. बरीच वर्षं लिहिल्यानंतर आता सांगू शकतो, लेखकाच्या समाधानाने असं धडधडत नाही. त्याने फार तर चहा प्यावासा वाटतो.

पावसाळाभर मामाने फुरसतीने एडिटिंग केलं. त्याने आमच्या गंभीर फिल्ममध्ये जमेल तिथे गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. हिरो चालतो, पाकळ्या. हिरॉईन केस वाळवते, पाकळ्या आणि शिवाय एक हृदय फिरत फिरत येतं. आम्ही विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही. फक्त शेवटचा क्लोजअप त्याने तसाच ठेवला होता. "इथे का नाही टाकल्या?" ओंकारने विचारलं. मामा म्हणाला, "इथे टाकायला जागा नव्हती," आणि मशीन बंद केलं.

आमच्या भागातला केबलवाला स्वतःचा एक चॅनेल चालवायचा. त्यावर सिनेमे, वाढदिवसाच्या शुभेच्छा, साड्यांच्या सेलच्या जाहिराती. मामाने त्या केबलवाल्याच्या बहिणीचं लग्न शूट केलं होतं. त्या ओळखीवर दिवाळीच्या पाडव्याला दुपारी 'तुझ्या गॅलरीखाली' लागायचं ठरलं. पाडव्याला बाजार बंद, म्हणून आबा घरी. त्यांनी सकाळपासून बिल्डिंगच्या प्रत्येक दारात जाऊन ओरडून सांगितलं होतं, "आमच्या दत्तूचा पिक्चर हाय!" आमच्या त्या खोलीत इतकी माणसं बसली की मला स्वतःला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहावं लागलं, हातात चिवड्याची ताटली. चकल्या मोडल्याचे आवाज, पोरांचा गोंधळ, आणि पडद्यावर 'लेखक' म्हणून माझं नाव आलं तेव्हा आबांनी शिट्टी मारली. खरोखरची, तोंडात बोटं घालून. आईने पदराने तोंड झाकून घेतलं. माझ्या आयुष्यात त्यानंतर माझी पुस्तकं निघाली, हारतुरे झाले, पण त्या शिट्टीएवढं काही नाही.

लोक हसले, पाकळ्यांना टाळ्या पडल्या. मग शेवटचा क्लोजअप आला. आमचा टीव्ही लहान होता, पण ओंकारचा चेहरा त्यात मावत नव्हता. खोली गप्प झाली. पोरंसुद्धा. तो थांबला, बघत राहिला, मग बोलला.

"कसा बघतोय बघ," आई हळूच म्हणाली. "आसं काय शिकवून येत न्हाय."

"त्या पोरीचं नशीब, बाई," शेजारच्या काकू म्हणाल्या.

मी ताटली ओट्यावर ठेवली. तिथे कुठलीच पोरगी नव्हती. तिथे मी होतो. खोलीभर माणसांना दिसत होतं की हा जीव लावून कुणाकडेतरी बघतोय, आणि तो कुणाकडे बघतोय हे माहीत असणारा त्या खोलीत मी एकटा होतो. मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. मला पळावंसं वाटलं. मी माणसांच्या पायांवरून उड्या मारत, चपला उलट्यासुलट्या घालत बाहेर पडलो आणि वाशीच्या दिशेने पळत सुटलो.

हायवेच्या पुलाखाली समोरून ओंकार येत होता. तोही पळत. पाडव्याचा नवा कुर्ता घामाने भिजलेला.

"बघितलंस?"

"बघितलं. तू?"

"बघितलं." तो गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता, डोळे चमकत होते. "दत्त्या, आई म्हणाली, असा कुणाकडे बघतोयस रे तू? आणि मला एकदम क्लिअर झालं."

"काय?"

"माझं खरंच प्रेम आहे." त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि झटकन पुलाच्या खांबाकडे. "तृप्तीवर. सिरियसली. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगायला पाहिजे."

मग मी काय केलं? मी म्हणालो, "चल." खोटं सांगत नाही, मी त्याच्याइतकाच उत्साहात होतो. बसमध्ये बसून मी त्याला तिच्यासमोर काय बोलायचं याची वाक्यं सुचवत होतो आणि तो ती माझ्याकडे बघत घोकत होता. आम्ही तृप्तीला मागणी घालायला निघालो होतो आणि आमच्या दोघांइतकं सुखी त्या बसमध्ये कुणी नव्हतं.

शिरवण्यात तृप्ती दारातच रांगोळीपाशी उभी होती. ओंकारने सगळं भाषण केलं, माझी वाक्यं, एकही न चुकता, कारण ती म्हणताना तो अधूनमधून माझ्याकडे बघत होता. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झाला?" ती म्हणाली. "आता मी बोलतंय. तू माझेकडं बघतोस तवा मी रोज पाहिलाय. तिकीट मागल्यासारखा बघतोस. आज टीव्हीत बघत होतास तो बघनं येगला. आनि त्या दिवशी मी गच्चीवर नव्हते, मी इथं हलदीला नाचत होते. माझे जागी कोन उभा होता ते मामांनी सांगितलाय मना." तिने माझ्याकडे हात केला, रस्ता दाखवावा इतक्या सहज. "ज्याच्याकडं बघत होतास तो ह्यो उभा हाय."

ओंकार हसला. मोठ्याने, आणि जरा जास्तच वेळ. "काय पण बोलते! अरे, ते ॲक्टिंग होतं."

"आसंल," ती म्हणाली. "मना वाईट नाय वाटत. पन मना मधी नका घेऊ र." मग आमचे चेहरे बघून तिला दया आली असावी. "फराल खाऊन जा. करंज्या चांगल्या झाल्यान."

आम्ही ओसरीवर बसून करंज्या खाल्ल्या. त्या खरंच चांगल्या झाल्या होत्या.

परत आलो तेव्हा वाशीला उतरलो आणि ओंकार बोलायला लागला तो थांबेचना. पुढची फिल्म भुताची करायची. लव्हस्टोरी बास. भुताच्या फिल्ममध्ये कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे पळतात. बोलता बोलता त्याने मला सानपाड्यापर्यंत सोडलं. माझ्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर भूत अजून मेलं नव्हतं, म्हणून मी त्याला सोडायला परत वाशीपर्यंत गेलो. त्याच्या गेटपाशी पोचल्यावर तो म्हणाला, "चल, तुला पुलापर्यंत सोडतो." पुलापाशी आलो तर मी म्हणालो, "अर्ध्यावर कशाला थांबायचं?" दोन्हीकडे कंदील लागले होते, पोरं भुईचक्रं उडवत होती, आणि आम्ही एकमेकांना घरी सोडत त्या एका रस्त्यावर येरझाऱ्या घालत होतो. भुताच्या गोष्टीला ना आगा ना पिछा. दोघांनाही ठाऊक होतं की गप्प बसलो की दुसरंच काहीतरी बोलावं लागेल. एकदाच, पुलाखाली, तो मध्येच थांबला. "कॉलर आत गेलीय तुझी," म्हणाला आणि हात पुढे करून ती नीट केली. कॉलर नीट झाल्यावरही त्याने हात काढला नाही. मी हललो नाही. एक बस हॉर्न वाजवत गेली. मग तो म्हणाला, "ओके," आणि वाशीकडे चालू लागला.

त्यानंतर भुताची फिल्म झाली नाही. ओंकारने बँकेची परीक्षा दिली, नागपूरकडे पोस्टिंग झालं, लग्न झालं. लग्नाला मी गेलो होतो, जेवलो होतो, नाचलोही होतो. त्याची बायको सालस आहे, मुलगी आता कॉलेजात जाते. वाढदिवसाला त्याचा फोन येतो, तेवढ्यापुरता मी पुन्हा दत्त्या होतो. त्या पुलाखालच्या संध्याकाळबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तो स्वतःला फसवत राहिला का, की त्याला सगळं कळलं होतं आणि त्याने दुसरं काही निवडलं, हे मला माहीत नाही. विचारणारही नाही. मी नेरूळला राहतो, आनंदबरोबर, बरीच वर्षं झाली. आनंदला ही गोष्ट माहीत आहे. त्याचं म्हणणं एवढंच, की पाकळ्यांसकट ती फिल्म त्याला एकदा बघायची आहे, पण ती कॅसेट मामाकडे कुठे गेली कुणास ठाऊक.

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलं. मी घरी आलो तेव्हा पाहुणे पांगले होते. आबा खोलीत आडवे होऊन घोरत होते. आई स्वयंपाकघरात मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट करत होती. आमचा मिक्सर जुना, तो सुरू झाला की शेजारी ऐकू जायचा, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा नाही. आई माझ्याकडे पाठ करून उभी होती. माझ्या आत इतकं काही साचलं होतं की ते कुठेतरी ठेवल्याशिवाय मला उभं राहता येत नव्हतं. मी तिच्या मागे उभा राहिलो आणि त्या घरघराटात म्हणालो, "आई, तृप्ती नाही. मला ओंकार आवडतो."

आईने मिक्सर बंद केला. वळून बघितलं. "काय म्हणलास?"

"काही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. केस विस्कटलेले, पायांवर धूळ, आणि तोंडावर, मला वाटतं, मावत नसलेलं हसू. मग तिने पुन्हा पाठ केली आणि मिक्सर सुरू केला. मी पुन्हा म्हणालो. या वेळी जोरात, पूर्ण वाक्य. मग आणखी एकदा. मग बाकीचंही सगळं सांगितलं, गच्ची, नजर, पूल, कॉलर, सगळं. घसा फाटेपर्यंत, रडू येत होतं आणि हसूही. आई वळली नाही. मिक्सर चालूच होता. कूट केव्हाच झालं होतं, ते मला दिसत होतं, भांड्याच्या कडेला तेल सुटून गोळा बसायला लागला होता. तरी तिने बटणावरचा हात काढला नाही, मी बोलायचा थांबेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी जेवताना आबांनी भाजीतलं कूट बोटाने चिवडून बघितलं. "ह्ये काय गं? इतकं बारीक? निस्तं लोणी झालंय."

आईने माझ्या ताटात दुसरी पोळी वाढली.

"बटण अडकलं होतं," ती म्हणाली.